किराणा यादीतून खोडली जाणारी डाळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या संजयनगर भागात गेली एकतीस वर्षे माझे किराणा मालाचे लहानसे दुकान आहे. माझी गिऱ्हाईके म्हणजे बहुतेक करून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे कामगार, बांधकामावर जाणारे गवंडी आणि बिगारी, चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या स्त्रिया आणि द्राक्षांच्या हंगामात तासगाव-मिरजेकडच्या बागांत रोजंदारीने जाणाऱ्या बायका. महागाई वाढली की ‘गृहिणींचे बजेट कोलमडले’ अशा मथळ्याची बातमी वृत्तपत्रांत येते, आणि ती खरीच असते; परंतु कोलमडते म्हणजे नेमके काय होते, तुटपुंज्या पैशात घर चालवणारी बाई यादीतल्या कोणत्या ओळीवर प्रथम रेघ मारते, हे त्या बातम्यांत सहसा नसते. ते मला माझ्या गल्ल्यावर बसून रोज दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सामान बांधून झाले की गिऱ्हाइकाने आणलेली यादी तारेला ओवून ठेवायची, ही माझ्या वडिलांनी लावलेली शिस्त मी आजही पाळतो. हिशेबात कधी घोळ झाला तर ती यादी कामाला येते. मागच्या महिन्यात माळ्यावरच्या जुन्या तारा खाली काढल्या, तेव्हा एकाच घरच्या दोन याद्या मला सापडल्या. घरात माणसे चार : नवरा, बायको आणि शाळेत जाणारी दोन मुले. जानेवारी २०२० च्या यादीत तूरडाळ दोन किलो, हरभराडाळ एक किलो, आणि मूगडाळ, मसूर, मटकी, चवळी प्रत्येकी अर्धा किलो, म्हणजे डाळी-कडधान्ये मिळून पाच किलो होती. त्याच घरची आताची यादी वहीच्या फाडलेल्या पानावर मुलीच्या अक्षरात आहे. त्यात ‘तूरडाळ १ किलो’ असे आधी लिहिले आहे, मग एकचा आकडा खोडून वर ‘अर्धा’ असे केले आहे. हरभराडाळ, मसूर आणि मटकी अर्धा-अर्धा किलो. मूगडाळ आणि चवळी नाहीच. एकूण दोन किलो. ती मुलगी अकरा-बारा वर्षांची असेल. यादी काउंटरवर ठेवून ती मला म्हणाली, “काका, डाळ शेवटाला बांधा म्हणालीय आई. पैसं उरलं तर अर्धा किलो, न्हाईतर पावच द्या.” तांदूळ, साखर, चहा, तेल, मीठ, साबण असे सारे बांधून, बेरीज करून, उरलेल्या पैशांत मी डाळ मोजली.

हे एकाच घराचे आहे असे कोणी म्हणेल, म्हणून मी तारेवरच्या इतर याद्याही चाळल्या. माणसे बदलतात, आकडे थोडे मागेपुढे होतात, पण क्रम बदलत नाही. साखर आणि चहा सहसा तितकेच राहतात. तेल महिन्याला तीन लिटर होते ते तीन लिटरच राहते. फक्त सूर्यफुलाऐवजी सोयाबीन आणि सोयाबीनऐवजी पाम तेल येते. सप्टेंबर २०२४ मध्ये ऐन गणेशोत्सवात केंद्राने खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवले आणि कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले, तेव्हाही माझ्या गिऱ्हाइकांनी तेलाचे माप फारसे कमी केले नाही, तेलाचा प्रकार बदलला. (त्या वाढीमागे सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा हा हेतू होता, आणि आपल्या जिल्ह्यातही सोयाबीन पिकते, त्यामुळे त्याविषयी माझी तक्रार नाही.) माप कमी होते ते डाळीचे, शेंगदाण्याचे आणि दुधाचे. डाळ, कडधान्य आणि शेंगदाणे हीच तर गरिबाच्या घरातली प्रथिने.

याचा अर्थ किती होतो ते पाहण्यासाठी मी आकडे मांडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यात दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटासाठी २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (मांसाहार करणाऱ्यांसाठी त्याच गटात अंडी-मांस) आणि २७ ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. माणसामाणसाची गरज वेगळी असते आणि लहान मुलाचे ताट मोठ्याइतके नसते, हे मान्य करूनही चार माणसांच्या घराचा महिन्याचा हिशेब ढोबळमानाने असा येतो : तृणधान्ये तीस किलो, तेल सव्वातीन किलोच्या आसपास आणि डाळी-कडधान्ये दहा किलो. माझ्या गिऱ्हाइकांचे तेल या मापाच्या जवळ जाते. डाळ मात्र २०२० मध्येही निम्मीच होती आणि आता पाचवा हिस्सा उरली आहे. दोन किलो डाळ चार माणसांत तीस दिवस वाटली तर माणशी दिवसाला सतरा ग्रॅम येते. मी ती माझ्या काट्यावर मोजून पाहिली. तळहाताच्या खळग्यात मावते.

या सतरा ग्रॅममध्ये घर कसे चालते तेही सांगितले पाहिजे, कारण या बायकांच्या हुशारीला तोड नाही. मूठभर बेसनात पाच जणांचे पिठले होते. मटकीला मोड आणून तिचा आकार दुपटीहून अधिक वाढवला जातो. एक वाटी डाळीच्या आमटीत चिंच-गूळ आणि कांदा-लसणाचे तिखट घालून ती इतकी पातळ केली जाते की भात कालवला तरी ताटात पाणी उरते. मसूर तुरीपेक्षा स्वस्त मिळतो म्हणून आठवड्यातून दोनदा मसूर होतो; जो अख्खा मसूर आपल्या जिल्ह्यातल्या ढाब्यांवर लोक आवडीने मागवतात, तोच या घरांत काटकसरीचा पदार्थ आहे. अख्ख्या डाळीऐवजी तुकडा डाळ मागणारी गिऱ्हाइके माझ्याकडे वाढली आहेत. शिजवल्यावर तुकडा काय आणि अख्खी काय, असे त्या म्हणतात आणि ते बरोबरच आहे. यापैकी कोणत्याही बाईला काटकसर शिकवायला जाणारा माणूस तिच्या स्वयंपाकघरात अर्धा तास उभा राहिलेला नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण हुशारीला मर्यादा असते आणि ती बाईच्याच ताटात येऊन संपते. आमटीतली डाळ आधी कामावर जाणाऱ्या माणसाला, मग मुलांना वाढली जाते. शेवटी बसणारी बाई पातेल्याच्या कडेला लागलेले भाकरीने पुसून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि मी वैद्य नाही, परंतु पाच वर्षांत निम्म्याहून कमी झालेली डाळ माझ्याच हातून मोजली गेली आहे आणि तिचा या आकड्याशी काहीच संबंध नसेल, असे मला वाटत नाही.

भाव उतरले की यादी पुन्हा पूर्वीसारखी होईल, अशी माझी समजूत होती. २०२० च्या सुरुवातीला तूरडाळ माझ्याकडे किलोला शंभर रुपयांच्या आसपास होती. २०२३-२४ मध्ये ती दीडशेच्या वर गेली आणि पुढे बरीच खाली आली. भाव खाली आला, यादीतला आकडा मात्र वर गेला नाही. कारण मधल्या काळात डाळीतून वाचवलेला पैसा दुसरीकडे बांधला गेला होता. मुलांच्या शिकवणीचे शुल्क, मोबाइलचे रिचार्ज, आणि सर्वांत जड म्हणजे कर्जाचा आठवड्याचा हप्ता. आमच्या भागात कोणत्या गल्लीत हप्ता गोळा करण्याचा कोणता वार आहे, ते मला गल्ल्यावर बसून कळते. त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे किलोने माल घेणारे गिऱ्हाईक दहा-वीस रुपयांची पुडी मागते. पुडीतला माल नेहमीच महाग पडतो. दहा रुपयांची हळद किंवा चहापूड महिनाभर घेत राहणारी बाई वर्षाला किती जास्त पैसे मोजते, हे तिलाही माहीत असते. एकरकमी पैसे हातात नसणे हाच तिच्या महागाईचा मोठा भाग आहे. म्हणूनच मी सगळ्यांना एवढेच सांगतो की डाळ आणि कडधान्य सुटे घ्या. वेष्टनबंद आणि लेबल लावलेल्या पंचवीस किलोपर्यंतच्या धान्य-डाळींच्या पाकिटांवर जुलै २०२२ पासून पाच टक्के वस्तू व सेवा कर लागला, सुट्या मालावर तो नाही. तसेच तेलाची पिशवी घेताना तिच्यावरचे वजन वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. शेजारी तशीच दिसणारी ८५० किंवा ८०० ग्रॅमची पिशवी चार पैशांनी स्वस्त असली तरी तीच परवडेल असे नाही.

आता मुख्य मुद्दा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्याने काय केले ते मी पाहिले आहे. पूर्वी महिनाअखेरीला पीठ उसने मागणारी जी घरे होती, तिथे आता चूल पेटण्याची चिंता उरलेली नाही, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. चार माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला वीस किलो धान्य मिळते, म्हणजे वर मांडलेल्या तीस किलोच्या गरजेचा दोनतृतीयांश भाग शासनाने उचलला. डाळीच्या दहा किलोंपैकी नियमितपणे किती उचलला? काहीही नाही. परिणामी ताटात गहू-तांदूळ भरपूर आणि त्याला लावून खायला पातळ पाणी, असे चित्र तयार झाले आहे.

रेशनचा तांदूळ लोक विकतात, अशी तक्रार वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. हा व्यवहार बेकायदा आहे आणि माझ्या दुकानात मी तो करत नाही. पण तो का होतो, याचा विचार तक्रार करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. आपल्याकडचे जेवण भाकरी-चपातीचे. भात शेवटी, थोडा. घरात तांदळाची पिशवी शिल्लक पडते आणि डाळीचा डबा रिकामा असतो, तेव्हा दारावर येणाऱ्या माणसाला मिळेल त्या भावाने तांदूळ देऊन ती बाई माझ्याकडे डाळ-तेलासाठी येते. शासनाने तिच्यासाठी मोठा खर्च करून आणलेला तांदूळ ती तोट्यात विकते आणि त्या पैशांतून किरकोळ भावाने डाळ घेते. याला चोरी म्हणून हिणवण्यापेक्षा, तिला काय हवे होते ते यातून वाचता आले असते.

डाळ देणे शक्य नाही, हे म्हणणे मला पटत नाही, कारण ती दिली गेली आहे. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल ते नोव्हेंबर या काळात गहू-तांदळाबरोबर प्रत्येक कुटुंबाला महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा मोफत देण्याची केंद्राची योजना होती. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ राज्याने दिला, त्यात रवा, साखर आणि तेलाबरोबर एक किलो चणाडाळ होती. तामिळनाडूत तर २००७ पासून रेशन दुकानांत तूरडाळ सवलतीच्या दराने दिली जात आहे. आणि अन्न सुरक्षा कायद्याच्या बाराव्या कलमातच सार्वजनिक वितरण व्यवस्थेतील वस्तूंमध्ये कालांतराने विविधता आणावी, असे म्हटले आहे. कायदा होऊन दशक उलटले. ‘कालांतराने’ या शब्दाला एवढा काळ पुरेसा आहे.

यातील विसंगती शाळेत अधिकच ठळक दिसते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्याबरोबर २० ग्रॅम डाळ, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याबरोबर ३० ग्रॅम डाळ द्यावी, असे प्रमाण शासनानेच ठरवलेले आहे. म्हणजे मुलाला एका वेळच्या जेवणात नुसता भात पुरत नाही, त्यात डाळ लागते, हे शासनाला मान्य आहे. वर सांगितलेल्या मुलीला शाळेच्या एका जेवणात जेवढी डाळ मिळायला हवी, तेवढी तिच्या घरात दिवसभराच्या दोन्ही वेळच्या जेवणांतही तिच्या वाट्याला येत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आणि रविवारी काय होत असेल? तीच मुलगी, तेच पोट. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर तिची गरज बदलत नाही.

फुकट देऊन लोक आळशी होतात, हा आक्षेप माझ्या दुकानात उभे राहूनही काहींनी घेतला आहे. ज्या बायका पहाटे पाचला उठून डबे करतात, टेंपोत उभ्याने बागेवर जातात आणि संध्याकाळी परत येऊन माझ्याकडे पाव किलो डाळ मागतात, त्यांच्याविषयी असे बोलताना माणसाने जिभेला आवर घालावा. शिवाय मी फुकट डाळ मागत नाही. तिला रास्त भाव ठरवा, पन्नास रुपये ठरवा, साठ ठरवा. कार्डामागे महिन्याला दोन किलो द्या. माझे गिऱ्हाईक ती पैसे मोजून घेईल. यात माझ्या दुकानाची विक्री घटेल, हे मला कळते. महिन्याला दोन किलो डाळ माझ्याकडून कमी घेतली गेली तर माझे जे नुकसान होईल, ते मी सोसीन.

ही डाळ दुरून आणण्याचेही कारण नाही. माझे मूळ गाव जत तालुक्यातले. माझ्या लहानपणी कडधान्य ही विकत घ्यायची वस्तू नव्हती. शाळूच्या भाकरीबरोबर जे कोरड्यास होई ते घरच्याच हुलग्या-मटकीचे असे, तुरीची ओळ बांधाच्या कडेने असे आणि आजारी माणसाला हुलग्याचे माडगे देत. कणगीच्या तळाशी राख घालून वर्षाचे हुलगे आई साठवत असे. पुढे म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजनांचे पाणी जिल्ह्याच्या कोरड्या तालुक्यांकडे सरकले, द्राक्षे, डाळिंबे आणि ऊस आला, आणि ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला त्यांनी त्या पाण्याचे स्वागतच केले. मीही केले. पण आज गावाकडचे माझे नातेवाईक सांगलीला आले की परत जाताना माझ्याच दुकानातून डाळ घेऊन जातात. शासनाने जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याकडून हमीभावाने तूर, हरभरा आणि ठरवून दिलेल्या भावाने मटकी, हुलगा खरेदी करून ते याच जिल्ह्याच्या रेशन दुकानांत दिले, तर ज्याच्या रानात अजून पाणी आलेले नाही त्यालाही खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल. एका तालुक्यापासून प्रयोग सुरू करायला हरकत नसावी.

जिल्ह्यातील लोकप्रतिनिधी आणि पुरवठा विभाग यांनी या मागणीचा विचार करावा, अशी माझी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून विनंती आहे. कोणाला माझ्या म्हणण्याची खातरजमा करायची असेल, तर तारेवरच्या सर्व याद्या, गिऱ्हाइकांची नावे झाकून, मी दाखवायला तयार आहे. ज्या घराविषयी लिहिले ते ओळखू येऊ नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती. ती मुलगी पुढच्या महिन्याच्या पाच-सहा तारखेला, वडिलांचा पगार झाला की, पुन्हा यादी घेऊन येईल.

आपला नम्र,
एक किराणा दुकानदार
संजयनगर, सांगली